चाळीसवरचा बॉयलर

एकदा हात लावलेल्या बॉयलरसाठी पुन्हा बोलावणं आलं की माझं डोकं फिरतं. मेलाहत मावशीनं तर मला तिसऱ्यांदा बोलावलं.

"उस्ताद बुन्यामिन, घर तापत नाही रे. तू नुसता चहा पिऊन गेलास!"

आमच्या डोंगराळ एर्झुरूम शहरातल्या जानेवारीत अशा टोमण्यावर हसू येत नाही. बाहेर उणे चोवीस होतं. मावशी चौथ्या, म्हणजे अगदी वरच्या मजल्यावर एकटी राहायची. रेल्वेतला नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतः मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. हट्टी, आणि जिभेला धार. मुलगा सेरदार लांब बुर्साला. त्यानं फोनवर बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत घर गरम झालं नाही तर मी येतो आणि तुला इकडे आणतो. ते घर काढून टाकू."

"सुनेच्या स्वयंपाकघरात मी पाहुणी म्हणून बसू?" मावशी मला म्हणाली. "मी इथंच मरणार. पण गारठून नाही. नीट कर बाबा ते."

आता आली का पंचाईत! तिचं घर राहतं की जातं, ते माझ्या पान्यावर येऊन ठेपलं. पहिल्या खेपेला दाब उतरलेला दिसला, म्हणून पाणी भरलं. दुसऱ्या खेपेला गाळणी धुतली, पंप उघडून पाहिला. बॉयलर ठणठणीत. फक्त तापमानाचा काटा चाळीस अंशांवर, आणि गरम पाण्यानं खोल्या तापवणाऱ्या चार रेडिएटरपैकी एकच उघडा.

"मावशी, सत्तर करा की. बाकीचे तीन पण उघडा."

"का म्हणून? चौदा हिवाळे चाळीसवर काढलेत मी. घरात बिनबाह्यांची फिरत होते! यंदाच काय धाड भरली त्याला?"

मी चिडलो. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच यंत्र, तेच चाळीस. मग ऊब गेली कुठं?

तिसऱ्या खेपेला रेडिएटरमधली हवा काढताना काळं पाणी उसळलं आणि दारात मावशीनं दिलेल्या पाहुण्यांच्या सपाता चिंब झाल्या. त्या काढून मी मोज्यांवर उभा राहिलो आणि झटकन पाय उचलला. फरशी नुसती बर्फाची लादी!

"मावशी, जमीन अशीच असते नेहमी?"

"छे रे. मांजर दिवसभर इथंच पसरलेलं असायचं. हल्ली माझ्या मांडीवरून उतरत नाही मेलं."

"खाली कोण राहतं?"

तिचं तोंड वाकडं झालं. "राहायची. ती नाझमिये. मी एकदा बाल्कनीतून गालिचा झटकला, तर धूळ तिच्या वाळत घातलेल्या शेवयांवर पडली. काय काय बोलली मला, सगळ्या गल्लीदेखत! चौदा वर्षं आम्ही एकमेकींना सलाम केला नाही. डिसेंबरात गेली ती. मुलांनी घराला कुलूप घातलं."

"तिचा बॉयलर कितीवर ठेवायची ती?"

"किती म्हणजे? संधिवाताची बाई, घराची भट्टी करून बसायची. जिन्यातून येताना तिच्या दाराशी झळ लागायची. मी मनात म्हणायचे, भाज स्वतःला..."

ती मध्येच थांबली. तिनं पायातली सपात काढली आणि तळवा फरशीला टेकवला.

"म्हणजे माझा बॉयलर..."

"चांगला आहे, मावशी. पण चाळीसवर त्याच्या एकट्यानं हे घर कधीच तापलं नसतं. तुम्ही खालच्या उबेवर होता."

मी काटा सत्तरवर नेला, चारही रेडिएटर उघडले. तासाभरात काचांवरचा बर्फ वितळून ओघळायला लागला. तेवढ्यात सेरदारचा फोन आला. "झालं दुरुस्त. येऊ नकोस," एवढंच ती बोलली. घर वाचलं होतं. मला वाटलं, आता तरी दोन गोड शब्द ऐकवेल. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"इथंच उभी होते मी. तिची मय्यत खाली दारासमोर ठेवली होती. इमामांनी तीनदा विचारलं, हिच्याकडे कुणाचं काही राहिलं असेल तर सोडलंत ना? अख्खी गल्ली तीनदा म्हणाली, हलाल असो, सोडलं सगळं. मी तोंड उघडलं नाही, बुन्यामिन. एकदाही नाही. मला वाटत होतं, तिच्याकडे माझं राहिलंय रे."

हत्यारांची पेटी उचलून मी बाहेर येऊन बूट घालायला लागलो. ती मागोमाग आली आणि कठडा धरून खालच्या कुलपाकडे बघत म्हणाली, "नाझमिये, माझ्याकडून हलाल. तुझ्याकडून?"

ती थांबली. पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा थांबली. जिन्यात हूं की चूं नाही. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा 'हलाल' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते म्हणण्याचा हक्क माझा नव्हता. मी नाड्या बांधल्या आणि खाली उतरलो.

रस्त्यावर पोचलो तरी वर तिचं दार लागल्याचा आवाज आला नव्हता.