दहा लाख एक

बाबांना तिसापर्यंतचे पाढे पाठ होते आणि आमच्या घरातलं गणितही तिथेच संपायचं. दोनापासून तिसापर्यंत कशानेही भाग गेला नाही, की ती संख्या मूळ, असा त्यांचा कायदा होता. पुण्याहून बदली होऊन भोपाळला आले, शाहपुऱ्यात घर बांधलं, इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण कायदा तोच राहिला.

त्यांची सगळ्यांत लाडकी संख्या दहा लाख एक. उलटी लिहिली तरी तीच. हजाराचा वर्ग अधिक एकाचा वर्ग. शिवाय मूळ. मला बघायला आलेल्या मुलाच्या हातात पोह्यांची बशी पडली, की ते विचारायचे, "दहा लाख एक. मूळ की संयुक्त?" नागपूरच्या एकाने बेधडक "संयुक्त" म्हटलं, तर त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं. तो मला पसंत नव्हता, म्हणून मीही बाबांची बाजू घेतली.

मग मी स्वतःच एक पसंत केला. माझ्याच ऑफिसातला, करोंदचा, तीन पिढ्या भोपाळात काढलेल्या मराठी घरातला. लग्न करीन तर याच्याशीच, हे माझं ठरलं होतं. तो घरी येणार त्याच्या आदल्या दिवशी बिट्टन मार्केटात भाजी घेताना मी त्याला पढवलं, "मूळ म्हणायचं आणि गप्प जिलेबी खायची."

बाबांनी विचारलं. त्याने हातातली जिलेबी खाली ठेवली.

"काका, बुरा नका मानू," तो म्हणाला, "पण हा शंभराचा घन अधिक एकाचा घन पण आहे ना. मग शंभर अधिक एक, म्हणजे एकशे एकने भाग जाणारच."

दोन घनांच्या बेरजेचं सूत्र मला बाबांनीच शिकवलं होतं, धपाटे घालून. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. पुन्हा मांडला. मला त्या शहाण्याचा गळा धरावासा वाटत होता आणि बाबांचा चेहरा बघून रडूही येत होतं.

"म्हणजे नागपूरच्या मुलाचं बरोबर होतं," बाबा म्हणाले. "त्याच्यावर अन्याय झाला." आणि त्यांनी फोन उचलला.

"अहो, घरात पाहुणे बसलेत," आई म्हणाली. पण न्याय म्हणजे न्याय. स्पीकर लावून त्यांनी त्या मुलाची रीतसर माफी मागितली, स्थळाचा पुन्हा विचार करू म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कशाने भाग दिला होता?"

"काका, मी आपलं अंदाजे बोललो होतो."

बाबांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि जिलेबीची बशी करोंदच्या मुलापुढे सरकवली.

"पाढे कुठपर्यंत येतात?"

"बारापर्यंत, काका."

"लग्नाआधी तिसापर्यंत झाले पाहिजेत," बाबा म्हणाले.