धोंडूबाई आणि चेडोबाचं नाव

खारबावात लग्न ठरलं की हॉलच्या आधी धोंडूबाईची तारीख घ्यावी लागे. डीजेवाला ऐनवेळी बदलता येतो, धवलारीण बदलता येत नाही. हळदीच्या मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात ती एकेका देवाला नावानं लग्नाला बोलवायची. एकवीरा, वज्रेश्वरी, गावदेवी, वाघोबा आणि शेवटी वेशीवरचा चेडोबा. देव पण सोयऱ्यांसारखेच, आमंत्रण राहिलं तर तोंड फिरवून बसतात, असं ती पानाचा तोबरा सांभाळत सांगायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण गावातले देव, त्यांचे मान आणि कोणाचं कोणाशी फाटलंय, हे सगळं तोंडपाठ होतं.

सून विनिता वळ गावातल्या गोदामात पॅकिंगला जायची. दोघींचं छान जमायचं, म्हणजे भांडण रोज व्हायचं आणि जेवण एका ताटात. म्हणून म्हातारीचं काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा विनितालाच कळलं. भांडण बंद झालं होतं.

त्याच सुमारास गावातल्या धनेशच्या बायकोचं, रोशनीचं, पोट पडलं. तिच्या लग्नात धवले धोंडूबाईनंच गायले होते. बातमी आली तेव्हा ती जवळा निवडत बसली होती. सूप तिनं बाजूला ठेवलं ते ठेवलंच.

"आई, जेवताय ना?"

"मना भूक न्हाय."

"काल पण न्हवती."

"रोशनीच्या हलदीला मी चेडोबाचं नाव घेतलं न्हाय," धोंडूबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "तिचं पोर मीच खाल्लं, विनिता. आता कुठल्या तोंडानं खाऊ?"

मुलगा लडकू, म्हणजे विनिताचा नवरा, टेम्पो चालवायचा आणि घरातले प्रश्नही टेम्पोसारखेच सोडवायचा, जवळचा रस्ता बघून. त्यानं कोंबडा, नारळ आणि बाटली घेतली, आईला वेशीवर नेलं आणि भगताकरवी चेडोबाची माफी मागवली. त्यानं हे प्रेमानंच केलं. पण गावादेखत माफी मागितली म्हणजे गुन्हा पक्का झाला, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. धोंडूबाई घरी आली ती खाटेवरून उठेनाशी झाली. पहाटेच जाग यायची, मग हात चोळत बसायची. शेजारणी म्हणायच्या, वय झालं, असं व्हायचंच.

शेवटी विनितानं सुट्टी टाकली आणि तिला भिवंडीत नेलं. सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी मनाच्या आजाराची डॉक्टरीण यायची. तरुण होती, पण ऐकायची सवय होती. तिनं धोंडूबाईला तारीख, गाव, नातवंडांची नावं विचारली, रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइडसुद्धा. मग विनिताला बाजूला घेतलं.

"ह्या वयात उदासीचा आजार असा येतो. झोप जाते, भूक जाते, आणि माणूस नसलेला गुन्हा डोक्यावर घेऊन बसतं. चेडोबावरून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं खरंय असंही म्हणू नका. जेवण आणि गोळी, एवढं बघा. बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही."

"किती दिवस?"

"बरं वाटल्यावरही बरेच महिने. आणि मरणाचं बोलल्या किंवा पाणी सोडलं, तर मंगळवारची वाट बघायची नाही."

गोळ्यांनी आधी नुसती झोप आली. मग हळूहळू चहा, मग भाकरी. एके दिवशी धोंडूबाईनं विनिताला म्हटलं, "ही आमटी हाय का हात धुतलेलं पानी?" विनिता स्वयंपाकघरात जाऊन रडली. भांडण परत आलं होतं.

इथवर आलेलं लडकूला पुरेसं वाटलं नाही. त्याला आई निर्दोष सुटायला हवी होती. त्यानं रोशनीच्या हळदीची शूटिंग मिळवली, मोबाईलवर पुढेमागे केली आणि सापडलं. डीजेच्या टेस्टिंगमधून, पोरांच्या गोंगाटातून, धोंडूबाईचा आवाज स्पष्ट येत होता. चेडोबाला ती व्यवस्थित बोलावत होती.

"बघ आये. घेतलंस नाव."

धोंडूबाईनं पाहिलं. परत लावायला सांगितलं. "हां," म्हणाली. "घेतलंय."

लडकूनं अर्ध्या गावाला ते दाखवलं. आणि केस सुटली म्हटल्यावर गोळी कशाला? गोदामातल्या एका लोडरनं त्याला आधीच शहाणं केलं होतं, "दिमाग की गोली की लत लग जाती है, भाई." विनितानं डॉक्टरणीच्या बोलण्याची आठवण करून दिली.

"तिला काय म्हायत, चेडोबा कुठं असतो?" लडकू म्हणाला. विनितानं गोळ्यांची पट्टी फळीवर ठेवून दिली. सासू जेवत होती, हसत होती. तिलाही वाटलं, बरी झालेली दिसतेय.

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी धोंडूबाईनं ताट सरकवलं.

"नाव घेतलं, विनिता. पन तवा ध्यान पानाच्या डब्यात होतं. मन नसताना बोलावलं, ते बोलावनं न्हवं."

आता ह्याची शूटिंग कुठून आणणार?

मग तिनं पाणीही सोडलं, तेव्हा परत भिवंडीला नेलं. डॉक्टरीण म्हणाली, ठाण्याला भरती करा, आजच. लडकूनं हो म्हटलं आणि आईला घरी आणलं. चुलतभावाच्या मुलीला, दिपिकाला, बघायला पाहुणे यायचे होते. आजी वेड्यांच्या वॉर्डात आहे हे कळलं तर? पाहुणे जाऊ देत, मग नेऊ. गोळ्या परत सुरू केल्या, पण धोंडूबाई त्या गालात धरून ठेवायची आणि नंतर थुंकायची. विनिता चमच्यानं पाणी पाजायची, ते ओठांवरून ओघळायचं. तिनं दोनदा रिक्षा बोलावली. दोन्ही वेळा लडकूनं परत पाठवली.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, पसंती कळवतो म्हणाले. त्यांची गाडी वळायच्या आत विनितानं पदर खोचला आणि सासूला एकटीनं उचलून रिक्षात घातलं. तिचं ओझं असं उरलंच नव्हतं. ठाण्याला सलाईन लावलं, पण मूत्रपिंडं थांबली होती. जाताना शुद्ध नव्हती, त्यामुळे शेवटचं काही बोलली वगैरे नाही.

घरी माणसं बसायला आली. "काय झालेलं?" प्रत्येकजण विचारायचा, आणि लडकू सांगायचा, "वय झालेलं." बायका आपसात चेडोबाचं नाव घेत होत्या.

विनिता चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. थोरांसमोर ती सहसा बोलत नसे.

"वय न्हवतं झालं," ती म्हणाली. "चेडोबानं पन काय केलं न्हाय. त्यांना उदासीचा आजार होता. गोळ्यांनी बऱ्या झालेल्या. आम्ही बंद केल्या."

कोणीतरी चहा गोड झालाय म्हणालं. मग हळूहळू ओटा रिकामा झाला.

शेजारचा नवशाकाका तेवढा मागे राहिला. चप्पल समोर असूनही शोधत होता.

"सूनबाई, ती डॉक्टरीण कुठल्या वारी येते?"

"मंगलवारी. केसपेपर सकाळी लवकर काढावा लागतो."

त्यानं मान हलवली. कोणासाठी विचारतोय ते त्यानं सांगितलं नाही, आणि विनितानंही विचारलं नाही. सोबत येऊ का, एवढंच म्हणाली.