परत आलेली रजई

थंडीच्या तोंडावर चंडीगडच्या गच्च्यांवर रजया उन्हात टाकतात. डांबरगोळ्यांचा तो वास आला की मला सुधा आठवते.

माझी बदली कारवारच्या नौदल तळावर झाली होती. माझी बायको सुधा मूळची मालवणची, इतक्या वर्षांनी समुद्राजवळ राहायला मिळणार म्हणून हरखली. तिकडे रजई कशाला, म्हणत तिने ती शेजारच्या गुरमीत आंटींना देऊन टाकली. मग तिच्या तपासण्यांचे निकाल आले आणि सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात उपचार सुरू झाले. भरलेल्या ट्रंका तशाच ठेवून, जाणं थोडं लांबलंय, एवढंच आम्ही म्हणायचो.

एका दुपारी आंटी रजई घेऊन आल्या.

"रख लो जी, ठंड आ रही है।"

"आंटीजी, दी हुई चीज़ वापस नहीं लेते," सुधा हसत म्हणाली.

आंटी रजई तिच्या पायांवर पसरून गेल्या.

सुधाने ती गळ्यापर्यंत ओढली. "अहो, त्यांना कळलंय. ट्रंका उघडा आता."

तेव्हा मला आंटींचा फार राग आला होता. आता वाटतं, त्या दिवसांत तिच्याशी खरं वागलेलं तेवढं एकच माणूस.

थंडी सरायच्या आत सुधा गेली. कारवारला मी कधीच गेलो नाही. एकट्याने जाऊन तिथे पाहायचं काय?