परसदाराची वीट

पिशवी भरून झाली होती. थर्मास, गयाच्या धुतलेल्या दोन साड्या, चादर, तपासणीचे कागद... नांदेडला जायला जीप गाठायची म्हणून मी चपला घालत होते, तेवढ्यात दवाखान्यातून माझ्या नवऱ्याचा फोन आला. "पिशवी राहू दे," एवढंच ते म्हणाले. गया त्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. त्या फोनला आता दीड महिना झाला.

तिचा नवरा वारल्यावर ती आमच्या गावी, डोंगरकड्याला, माहेरी आली, ती त्याच्याकडून आलेला एचआयव्ही घेऊन. आजार तिनं कधी लपवला नाही. शेळ्या राखायची, बांधावर कुणी विचारलं तर तोंडावर सांगायची. पण उपचार उशिरा सुरू झाले, अंगात ताकद उरली नव्हती, आणि पहिल्याच हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. दोन्ही हातांनी बाजेची कड धरून ती हवा ओढत होती, ते मी पाहिलंय. त्यातून ती वाचली. पण तेव्हापासून आडवी म्हणून झाली नाही. भिंतीला टेकूनच झोपायची, आणि परसाचं दार मिटू नये म्हणून तिनं तिथं एक वीट लावली.

न्यूमोनिया पुन्हा होऊ नये म्हणून नेहमी देतात त्या गोळ्यांनी तिच्या अंगभर फोड आले. मग डॉक्टरांनी महिन्यातून एकदा औषधाची वाफ द्यायचं ठरवलं. यंत्राची नळी तोंडातून काढली की गया म्हणायची, "पाटलिणीवानी हुक्का ओढून राहिले बघा, वहिनी. फकस्त चव लोखंड चाटल्यावानी." मी पहिल्याच वेळी सगळं विचारून घेतलं होतं. हे औषध इंजेक्शनातून दिलं तर स्वादुपिंडाला इजा होऊ शकते. वाफेतलं बहुतेक फुप्फुसातच राहतं, त्यामुळे सहसा त्रास होत नाही. सहसा... "पोटात वरच्या बाजूला दुखून पाठीपर्यंत कळ गेली तर लगेच सांगा, वाफ बंद करावी लागेल," डॉक्टर म्हणाले होते. गया शेजारीच बसली होती.

उन्हाळ्यात ती पोट दाबून बसायला लागली. "बेंबी सरकली," म्हणाली. ओढाळ शेळी आवरताना इथं कुणाचीही सरकते. सासूबाईंनी गल्लीतल्या म्हातारीला बोलावून तिचं पोट चोळून घेतलं. "बसली बघा जाग्यावर," म्हणून गया हसली, आणि वाफेच्या दिवशी जीपपाशी माझ्या आधी जाऊन उभी राहिली. मग एका दुपारी उलट्या थांबेनात. स्वादुपिंडाला सूज होती. औषधामुळे की आजारामुळे, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. वाफ बंद केली. सूज उतरली नाही.

"काहून सांगितलं न्हाईस, गया?" मी तिला दवाखान्यात विचारलं.

"सांगितलं असतं तर वाफ बंद केली असती तुमी. पोट दुखलं तर वरडता तरी येतंय, वहिनी. दम कोंडला की वरडता बी येत न्हाई."

तिची फुप्फुसं शेवटच्या तपासणीपर्यंत स्वच्छ होती. डॉक्टरांनी ते मुद्दाम सांगितलं.

घरी मी सगळं आवरलं. उरलेली औषधं परत केली, साड्या वाटल्या, बाज उन्हात टाकली. परवा वीटही उचलली, कारण शेळ्या त्या दारातून आत शिरून धान्यात तोंड घालतात. दार लावलं. चुलीपुढून सासूबाई म्हणाल्या, "काहून लावलंस गं? कोंडंल न्हवं तिला."

मी वीट होती तिथं ठेवली. जरा वेळानं एक शेळी आत आली. तिला कुणी हाकललं नाही.