पणजीला पटलं नसतं

आंबट ताक, ज्वारीचं पीठ आणि ठेचलेला हिरवा लसूण यांचा वास लिफ्टमध्ये शिरला, की अल हिलालमधल्या आमच्या इमारतीला कळत असे, चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे वेळा अमावस्या आली. लातूरकडच्या शेतकऱ्यांचा हा हिवाळ्यातला सण; काका त्याला येळवस म्हणत. त्या दिवशी अख्खं घर रानात जेवतं आणि आंबील पिकाभोवती शिंपडतं. दोह्यात रान कुठलं? काका पातेलं घेऊन इमारतीमागच्या मोकळ्या वाळूत उतरत आणि तिथेच गोल फिरत आंबील शिंपडत. पहिल्या वर्षी नेपाळी रखवालदाराने त्यांना हटकलं.

"सर, ये क्या कर रहे हो?"

"खेत है मेरा," काका म्हणाले.

रखवालदाराने वाळूकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि तो बाजूला झाला. पुढच्या वर्षी तो स्वतःच पेला घेऊन उभा होता.

काका आणि मी एकाच सल्लागार कंपनीत होतो. ते जमिनीखालचं पाहत: खडक, वाळू, पाण्याची पातळी. मी त्यांच्या अहवालांचं इंग्रजी पाहत असे. काकू लातूरला शाळेत शिकवत. सकाळी मी त्यांच्याच गाडीतून कामावर जाई, आणि त्या प्रवासात मला त्यांची पणजी भेटली.

फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीतलं दोहा तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल, तर आठवेल: काल सरळ गेलेला रस्ता आज भलतीकडेच वळवलेला असे. नारिंगी पिंपांच्या रांगा, ओल्या काँक्रीटचा थंड वास, मेट्रोच्या यंत्रांची जमिनीतून तळपायाला जाणवणारी घरघर, आणि काचेवर पिठासारखी बसलेली पांढरी धूळ. बाकीचे वैतागत, काका खुलत. वळसा जितका लांब, तितकी पणजीची गोष्ट लांब.

भावकीशी बिनसलं म्हणून पणजोबा आणि पणजी गाव सोडून औशापलीकडच्या उजाड माळावर गेले. त्यांच्याआधी तिथे कुणी चूल पेटवली नव्हती.

"कुत्रं सुदिक नव्हतं बघा, ताई. दोघंच. एक शेळी आन् एक बैल."

"आणि नांगराला दुसरा बैल?"

"दुसरा पणजोबा!"

विहिरीची जागा पणजीने निवडली. पहाटे अनवाणी फिरायची आणि जिथे पायाला माती गार लागेल तिथे खूण करायची. पणजोबा खणायचा, ती टोपलीने दगड वर काढायची. पाणी लागलं तेव्हा मात्र पणजोबा काठावर भाकरी खात बसला होता आणि पहार पणजीच्या हातात होती. हा प्रसंग सांगताना काका स्टिअरिंगवर हात आपटत. "भाकरी खात होता! जन्मभर ऐकून घेतलं त्यानं!"

ही बाई आमच्या कचेरीतही वावरत असे. उघड्या मैदानाला थंड हवेने गार करणार, असं बैठकीत ठरलं, तेव्हा काका हळूच म्हणाले, "पणजीला पटलं नसतं." कँटीनमधला गोड सांबार तिला पटला नसता. घाईने घातलेले पाये तर नाहीच. आमच्या लेबनीज साहेबाने या वाक्याचा अर्थ एकदा विचारून घेतला, आणि तेव्हापासून नकाशावर सही करण्याआधी तो पेन थांबवून विचारी, "व्हॉट डझ द ग्रँडमदर से?" तो गमतीने विचारायचा, पण उत्तर येईपर्यंत सही करायचा नाही.

ती दोघं अजून त्याच माळावर आहेत, विहिरीच्या वरच्या अंगाला. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीच्या स्वाधीन करतात. "आमच्यात मेलेलं माणूस आडवं होत न्हाई," काका अभिमानाने सांगत. "बसून राहतं. कोण काय करायलंय ते बघत." माळावर पुढे वस्ती वाढली, आणि वस्तीतली माणसंही एकेक करून त्या दोघांच्या शेजारी जाऊन बसली. दोन समाध्यांची रुद्रभूमी, लिंगायतांची दफनभूमी, झाली.

एका सकाळी गाडीत असतानाच त्यांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"दोघांच्या समाधीवर दगड बसवायलोत. येळवशीला अख्खी भावकी येणार, त्याच्या आत व्हायला पाहिजे. पणजोबाचं नाव कोरून झालं."

"आन् पणजीचं?"

"तेच इचारायलोय. काय नाव होतं?"

काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहत होते. पणजीच्या शेळीचा रंग मला त्यांच्यामुळे ठाऊक होता, तिच्या डाव्या पायात मोडलेला काटा ठाऊक होता. काकांनी तोंड मिटलं.

"सारखा पणजी पणजी करतोस, म्हणून तुला फोन केला की," अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. 'व त्यांच्या पत्नी' टाकतो. कारागीर खोळंबलाय."

"थांब, अण्णा! हीर तिनं काढली, आन् दगडावर नुसतं 'पत्नी'?"

"मग नाव सांग की!"

त्या दिवशी साहेबाने नेहमीचा प्रश्न विचारला. काका म्हणाले, ती आज बोलत नाही. साहेब हसला, आणि काकांचा चेहरा पाहून त्याने पेन खाली ठेवलं.

मग फोन सुरू झाले. लातूर, निलंगा, सोलापूर. कुणाला ती पणजी म्हणून माहीत होती, कुणाला मोठी आई म्हणून, कुणाला हिरीवाली म्हणून. नाव कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांनी कारागिराला कसंबसं थोपवून धरलं होतं.

"आता एक म्हातारी-आत्या तेवढी राहिली," काका एकदा गाडीत म्हणाले. "तिला तर काल काय जेवली ते आठवत न्हाई."

"म्हातारी-आत्या?"

"पाळण्यात होती तवापासून म्हातारीच म्हणतात तिला. आमच्या आजीनंच ती हाक पाडली."

"आजीने? स्वतःच्या तान्ह्या लेकीला म्हातारी म्हटलं? का?"

पुढची गाडी सरकली होती. पिंपांपाशी झेंडा घेतलेला माणूस "यल्ला, यल्ला" म्हणून हात हलवत होता, मागे हॉर्न वाजत होते. काकांचे हात स्टिअरिंगवरून मांडीवर आले होते.

"सासूचं नाव घ्यायचं नसतं, ताई," ते सावकाश म्हणाले. "आजी सासूचं नाव तोंडातनं काढंलच कशी?"

तुमच्याही घरात हे असेल. गेलेल्या सासूचं नाव नातीला ठेवायचं, आणि सुनेला ते उच्चारता येत नाही म्हणून मुलीला हाक मात्र दुसऱ्याच नावाने मारायची. आत्याला लग्नात सासरचं नाव मिळालं आणि पाळण्यातलं नाव कुणाच्याच तोंडी उरलं नाही. पणजीचं नाव तिथे होतं.

"मग लावा ना आत्यांना फोन."

"फोनवर इचारायची गोष्ट हाय का ही?"

काकांचं कंत्राट अजून संपायचं होतं, तरी त्यांनी गावी परतायचं ठरवलं. साहेबाने त्यांना थांबवून पाहिलं. ज्याची जमीन तपासलीत ते स्टेडियम उभं राहिलेलं बघा, पहिला सामना बघा आणि मग जा, म्हणाला. "पाया झाला," काका मला म्हणाले. "वरचं आता कुणीबी बांधंल." आठवडाभरात चौथ्या मजल्यावरच्या त्या दाराशी दुसऱ्याच कुणाच्या चपला दिसू लागल्या.

मी कंपनीच्या बसने जाऊ लागले. आमच्या वाटेवरची पिंपं हलली, कोऱ्या डांबरावरून बस न थांबता धावू लागली. मी खिडकीशी बसून एकही गोष्ट न ऐकता कचेरीत पोहोचत असे.

एका दुपारी काकांचा फोन आला. मागे कोंबड्यांचा कलकलाट होता, कुणीतरी हापसा हापसत होतं.

"ताई, आत्यापुढं बसलोय. सांगंनाच झालीय. म्हणते, गडीमाणसापुढं सवताचं पाळण्यातलं नाव कसं घेऊ? सुनांसमोर बी नको म्हणायलीय. तिकडं अण्णा कारागिराला घेऊन बसलेत. म्हटलं, हे खरं इचारलं आमच्या दोह्याच्या ताईनं. तर म्हणाली, तिला दे."

फोन या हातातून त्या हातात गेला. काकणं किणकिणली.

"तूच पुसलीस व्हय गं?"

"हो, आत्या."

"लगीन झाल्यापासनं कुणी पुसलं नव्हतं."

हापसा थांबला होता. आत्याने घसा मोकळा केला, आणि तिथल्या सुना, काका, अंगणातली पोरं, साऱ्यांना ऐकू जाईल इतक्या खड्या आवाजात ती मला म्हणाली,

"निलव्वा."