तात्यांच्या बॅटीला जवसाचे तेल

भाजत्या जवसाचा वास आधी मातीसारखा येतो, मग लाकडासारखा, आणि दाणे तडतडू लागले की त्यात बंद कपाटाचा कडवटपणा उतरतो. हाउन्सलोच्या माझ्या स्वयंपाकघरात तो लाकडापर्यंत पोहोचला होता, तेव्हा नॉटिंगहॅमहून सुमनकाकूंचा फोन आला. आबाकाका गेले होते. मी गॅस बंद केला, वास मात्र थांबला नाही… तो काकांचाच वास होता. हिवाळा लागला की ते बैठकीत वर्तमानपत्र पसरत, एक काळवंडलेली बॅट मांडीवर घेत आणि मऊ फडक्याने तिला जवसाचे तेल चोळत बसत.

ती बॅट तात्यांची, असे काका म्हणत. तात्या म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडकडून खेळलेला एक गोरा अष्टपैलू, कोळशाच्या खाणीतून मैदानावर आलेला. घरातल्या थोरल्यांना नावाने हाक मारत नाहीत, म्हणून काकांनी त्याला तात्या केले होते. नखांतली काजळी धुण्याआधीच टाकलेला पहिला चेंडू, ऑस्ट्रेलियाला जाताना बोटीवर लागलेली मळमळ, आदल्या दिवशी गोलंदाजीने फिरवलेला आणि दुसऱ्या दिवशी फलंदाजीने राखलेला कसोटी सामना, मग युद्ध, खांद्यात घुसलेला लोखंडाचा तुकडा, आणि वेग गेल्यावर पस्तिशीत नव्याने शिकलेली फिरकी… हे सारे काका काल पाहिल्यासारखे सांगत. त्यांचा आवाज जड व्हायचा तो एकाच ठिकाणी. त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्यांचे दार वेगळे आणि हौशी साहेबांचे वेगळे. "दिवसभर एकाच संघात खेळायचं पोरी, अन् मैदानात शिरायचं मात्र मागच्या दारानं!" नागपूरच्या आमच्या वस्तीला मागची दारे कुणी समजावून सांगावी लागत नव्हती. काकांच्या घरातल्या बुद्धमूर्तीशेजारी ती बॅट का उभी असते, हे मला लहानपणीच कळले होते.

ती तात्यांचीच, हे मात्र पटले नव्हते. पुढे कविता शिकताना शब्द हाताने चाचपून पाहण्याची सवय लागली आणि काकांचे शब्द हाताखाली हलू लागले. तात्यांचा जखमी खांदा कधी डावा असे, कधी उजवा. काका नॉटिंगहॅमच्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नोकरीला होते. तिथे प्लास्टर काढून घ्यायला आलेल्या तात्यांच्या नातीने ती बॅट दिली, असे त्यांचे म्हणणे. काकू चहा ओतता ओतता म्हणत, "नात कुठली? कार बूट सेलच्या जुन्या बाजारातली आहे ती, पावसात भिजलेली. माझ्या गुडघ्यांना कधी इतकं तेल लावलं नाही या माणसानं!"

"तुझ्या गुडघ्यांवर तात्यांची सही नाही ना!" काका हसत.

सही बॅटीच्या पाठीवर आहे, असे ते म्हणत. मी कितीदा वाकून पाहिले. तेल पिऊन मधाच्या रंगाचे झालेले लाकूड आणि त्यात एक वळणदार रेघ… सही म्हणावी तर सही, शीर म्हणावी तर लाकडाची शीर.

काकांची एकच इच्छा होती. तात्यांच्या गावच्या मैदानावरील पॅव्हिलियनमध्ये, काचेच्या कपाटात ही बॅट राहावी, आणि ती आत न्यायची ती पुढच्या दाराने. काकांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काही दिवसांनी तिथल्या क्लबचे सेक्रेटरी काकूंच्या घरी आले. त्यांनी बॅट खिडकीच्या उजेडात फिरवली, नाकाजवळ नेली आणि हळहळून म्हणाले की जुन्या लाकडाला इतके तेल कधी पाजू नये. शाई असलीच, तर तेलानेच ती खाल्ली. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही घरच्या आहात. ही त्यांचीच, अशी तुमची खात्री असेल, तर कपाट उघडतो. नसेल, तर राहू द्या."

तेव्हापासून एक प्रश्न मला धड शोकही करू देत नाही. काकांनी सही जपता जपता पुसली, की ती कधी नव्हतीच, म्हणून तेलाखाली झाकली? त्यांचा चेहरा आठवू पाहावा, तर फडके धरलेला तो हातच दिसतो… आणि त्या हाताचा हेतू कळत नाही.

गेल्या आठवड्यात नॉटिंगहॅमला गेले. दार उघडण्याआधीच वास आला. काकांच्या जागी काकू बसल्या होत्या, समोर वर्तमानपत्र, मांडीवर बॅट.

"अहो काकू, तेल लावू नका म्हणाले ना ते!"

"थंडी पडली. कोरडी होते बिचारी."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. "खरं सांगाल? ही घरी आली तेव्हा सही होती?"

"काहून इतकी चौकशी?"

"पुढच्या दारानं न्यायची, तर मला 'हो' म्हणावं लागेल. काकांसाठीसुद्धा मला खोटं नाही बोलता येणार."

फडके थांबले. काकूंनी बॅट उलटी केली. नजर खिडकीबाहेर होती, पण अंगठा न शोधता एका जागी जाऊन टेकला. मग त्या म्हणाल्या, "पुसट."