हैबतरावाच्या टँकरचं पाणी

नवरा कुशाबा गेला तेव्हा गोजराबाई रडली नाही. दवाखान्याच्या जिन्यातच तिनं डॉक्टरांना गाठलं. "आमच्या मालकांना बिडी न्हाई, तंबाखू न्हाई. मग मूत्राशयाचा कॅन्सर कुटनं आला?"

डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मारुंजीत तिच्या घराला आणि भाड्याच्या खोल्यांना चुलत दीर हैबतराव पाणी द्यायचा, जुन्या खाणीतून टँकर भरून. हिरवट पाणी, तळाशी कुजका पाचोळा. वास झाकायला तो ब्लीचिंग पावडर घमेल्यानं ओतायचा.

"जंतू मारायला क्लोरीन लागतंच," डॉक्टर म्हणाले. "पण पाण्यात कुजकं असलं की क्लोरीन त्यात मिसळून नवीच रसायनं तयार होतात. ट्रायहॅलोमिथेन म्हणतात त्यांना. वर्षानुवर्षं पोटात गेली तर या कॅन्सरचा धोका वाढतो. अर्थात, तुमच्या मालकांना त्यानंच झाला असं सांगता येणार नाही."

शेवटचं वाक्य तिनं कानाआड केलं.

दहाव्याला तिनं हैबतरावाला विचारलं, "भावजी, खाण उपसून का घेत न्हाई?"

"पावडरनं जंतू मरत्यात वहिनी, माणसं न्हाई. कुशाबाचं आयुष्यच तेवढं."

पाणी कदाचित तिनं माफ केलं असतं. हे बोलणं नाही.

खाणीकडची वाट तिच्या वावरातून जायची. कुशाबानं भावकी म्हणून तोंडी दिलेली. तिनं आधी भाडेकरूंसाठी दुसरीकडचं तपासलेलं पाणी लावलं. मग ऐन उन्हाळ्यात, हैबतरावाचे दोन्ही टँकर आत खाणीवर असताना, जेसीबी बोलावून वाटेत आडवा चर खणला.

संध्याकाळी हैबतराव ओसरीवर आला. भाडेकरू दारांत उभे राहिले. गोजराबाईनं त्याच्यापुढं तांब्या ठेवला.

"तुमच्याच टँकरचं हाय. एवढं प्या, चर बुजवते."

तो तांब्याकडं बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या घरी शुद्ध पाण्याचे जार येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तहान न्हाई, वहिनी," म्हणत तो उठला.

दवाखान्यात सोबत असलेली भाडेकरू गौतमी हळूच म्हणाली, "काकू, पाण्यानंच झालं असं सांगता येणार नाही, म्हणाले होते ना डॉक्टर?"

"मला सांगता येतंय."

हैबतरावाकडून पाणी घेणाऱ्या सोसायट्या एकेक करून तुटल्या. भावकीतली माणसं मध्यस्थीला आली. तिनं त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी चर आणखी खोल करून घेतला.